डाव्या बाजूचा पत्रा

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत खाली गेला. "ह्यो पत्रा न्हाई ताई, पापड हाय," ते म्हणाले. मग मला हाताला धरून खाली वाकवलं आणि गाडीच्या पोटातून बाहेर आलेलं टोक दाखवलं. न दाखवताही माझा विश्वास बसला होता.

गाडी म्हणजे आजोबांची १९५१ ची शेवरोले पिकप. शिवडीत जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ साली सुरू झालेला आणि १९५४ साली बंद पडलेला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जुळवून गाड्या बाहेर पडायच्या. आमची त्यातलीच. जन्म शिवडीचा, संसार घोडपदेवचा. मधे हार्बरची दोनच स्टेशनं, कॉटन ग्रीन आणि रे रोड. आजोबांनी ती जुनी घेतली आणि बर्फाच्या कारखान्यातून ससून डॉकला बर्फ पोचवण्याच्या कामाला लावली. पहाटे बर्फाच्या लाद्या घेऊन जायची, येताना कुणाचं मासळीचं भाडं मिळालं तर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत.

या गाडीत आजीची एक जागा होती. होती म्हणजे, काही वर्षंच होती. आजी गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. दोन पाळ्यांचे मिळून वीसेक जण जेवायला. तिला रोज ताजी आणि स्वस्त मासळी लागायची, म्हणून ती पहाटे आजोबांबरोबर डॉकवर जायची आणि बांगडे, मांदेली, असेल तर बोंबील, असं काहीबाही टोपलीत भरून केबिनमध्ये डाव्या सीटवर बसून परत यायची. टोपली पायांशी. मग एक दिवस तिच्या पायाखालच्या पत्र्याला भोक पडलं. आजोबांनी निकाल दिला: मासळीचं खारं पाणी. त्या दिवसापासून आजी केबिनमध्ये बसायची बंद झाली. डॉकवरून बोरीबंदरपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन चालत आणि पुढे ट्रामने, ट्राम १९६४ च्या मार्चअखेर गेली तेव्हा बसने. बसमध्ये मासळीची टोपली घेऊन चढणाऱ्या बाईला कंडक्टर काय काय बोलायचे ते ती नक्कल करून सांगायची. आम्ही हसायचो. "गाडी कुणी खाल्ली?" असं कुणी विचारलं की लहानपणी आम्ही सगळी नातवंडं एका सुरात "आजीने!" म्हणायचो. तीही हसायची. तिचं ते हसणं मी कधी नीट पाहिलं नाही, एवढंच आता वाटतं.

बाबा आता सत्त्याहत्तरचे आहेत. गाडी बर्फाच्या कारखान्याच्या बंद आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. आवार विकलं जाणार असं कळलं तेव्हा मी ती बाहेर काढायचं ठरवलं. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने हे करू नये, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. सहा वर्षांपूर्वी मी एका गॅरेजला तिचं फ्लोअर करायला दिलं होतं. नाव घेत नाही. "एकदम नवीन फ्लोअर मारून देतो ताई" म्हणाले आणि मारूनच दिलं: जुन्या गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवला, कडेने वेल्डिंगचे टाके मारले, सांधे पुट्टीने बुजवले, वर काळा रंग. दिसायला देवघर. दोन पावसाळे गेले आणि सीटखालून चॉकलेटी पाण्याचे ओघळ यायला लागले. दोन पत्र्यांच्या मधे शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार?

गंजाबद्दल आपल्या सगळ्यांचे समज साधारण सिनेमातल्या खलनायकासारखे असतात, म्हणजे तो बाहेरून येतो आणि मोठ्या आवाजात येतो. गाडी पाहायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "सव्वीस जुलैला बुडली होती का?" २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरंच. पण त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पंच्याहत्तरसुद्धा भरला नाही. आमच्या आवारात घोटा बुडेल एवढं पाणी होतं आणि पिकपचं फ्लोअर त्याच्या बरंच वर. पुराने काहीही केलेलं नाही. केलं ते रोजच्या चमचाभर पाण्याने. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि काम भराभर होतं. मुंबईत मीठ हवेतच आहे. समोरच्या काचेचं रबर कडक होतं, त्याच्या कोपऱ्यातून थेंब आत येतो, डॅशच्या मागून उतरून मॅटखाली जातो, मॅटखाली गोणपाट असतं आणि गोणपाट ते पाणी ऑक्टोबरपर्यंत सांभाळून ठेवतं. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे तो आतून फुगतो आणि टाके उचकटतो. आमच्या गाडीच्या दाराच्या उंबऱ्यापाशी तर पत्र्यांना पापुद्रे सुटले होते, खारीच्या बिस्किटासारखे.

मिस्त्री मूळचे खटावचे, रे रोडला तीसेक वर्षं डेंटिंगचं काम करतात. पत्रा ठोकून सरळ करणारे खूप आहेत, पत्रा घडवणारे थोडे, हे दुसऱ्यातले. त्यांची पहिली अट होती की घाई करायची नाही. दुसरी, पेट्रोलची टाकी काढून आणल्याशिवाय ते वेल्डिंगचं मशीन चालू करणार नाहीत. या गाडीत टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे आहे. आज कुणी असं करणार नाही, तेव्हा चालायचं. "रिकामीच आहे हो," मी म्हटलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "भरल्याली परवडली. रिकामीत नुसती वाफ असती." पेट्रोल नव्हे, हवेत मिसळलेली त्याची वाफ भडकते, हे मी शाळेत शिकले असणार, पण कळलं त्या नजरेने.

रविवारी मी जायचे. बाबाही यायला लागले. फूटपाथवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे, चहा मागवायचे, मिस्त्रींना नको त्या सूचना द्यायचे.

आधी सगळं उकरून काढायचं होतं. सगळ्यात वर माझ्या गॅरेजवाल्याचा पत्रा. कटरने त्याचे टाके कापल्यावर तो एका झटक्यात निघाला, इतका सहज की मला माझे पैसे आठवले. त्याखाली ओली चॉकलेटी भुकटी. त्याखाली तेलाच्या डब्याचा पत्रा, कापून, सपाट करून, रिव्हेटने बसवलेला; अजून त्यावर अर्धा खजूर आणि अर्धी अक्षरं दिसत होती. मी बाबांकडे वळून "हे तुमचं काम ना?" म्हटलं, तर ते म्हणाले, "छे, आजोबांचं. माझे रिव्हेट सरळ असतात." आणि डब्याच्या पत्र्याखाली डांबर. भोक पडल्यावर आजोबांनी अख्ख्या डाव्या बाजूला गरम डांबर ओतलं होतं, गच्चीला ओततात तसं.

डांबर निघता निघेना. मिस्त्रींनी हीट गन दिली आणि पातळ पट्टी. मी गुडघ्यांवर बसून डाव्या कोपऱ्यात, जिथे माणसाचे पाय येतात तिथे, खरवडत होते. डांबराची एक खपली सुटली आणि तिच्या खालच्या बाजूला काहीतरी चमकलं. नखाएवढं, गोल, एका कडेला बारीक रेघा. माशाचा खवला. आणखी खपल्या काढल्या, आणखी तीन मिळाले. डांबर ओतलं त्या दिवशी आजीच्या टोपलीतले खवले तिथे पडलेले होते आणि ते तसेच झाकले गेले. मी ते तळहातावर घेऊन बाबांना दाखवले. "म्हणजे आजीचंच काम," मी म्हणाले, हसून. ते घराण्यातलं ठरलेलं वाक्य होतं.

मिस्त्री खवल्यांकडे बघतच नव्हते. ते खवले जिथून निघाले त्या जागेवर ओला फडका फिरवत होते. डांबराखालून हिरवा रंग वर आला, शिवडीतून निघताना असेल तसा. त्यांनी त्यावर हातोडीने टकटक केलं. भरीव आवाज. तिथून एक वीत मागे, सीटकडे टकटक केलं; बद्द. आणखी मागे स्क्रूड्रायव्हर गेला होता ते भोक.

"हितं बॅटरी हाय," ते म्हणाले.

या पिकपची बॅटरी बॉनेटखाली नसते. केबिनच्या तळाखाली, चेसिसला लावलेल्या एका ट्रेमध्ये असते आणि फ्लोअरमध्ये तिच्यासाठी एक झाकण असतं. झाकण उघडायचं, वाकून पाणी घालायचं. सहा व्होल्टची, शिशाची आणि गंधकाच्या तेजाबाची.

तरी त्यांनी लगेच निकाल दिला नाही. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे अँगल जोडून घेतले. फ्लोअर कापलं की केबिन मोकळी होते, चौकट दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी दार पुन्हा जन्मात नीट लागत नाही. सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, आकडे खडूने डॅशवर लिहिले. एका वेळी एकच बाजू कापायची, हाही नेम. टाके जिथे होते तिथे मी ड्रिलने एकेक सोडवत गेले. एका बाजूला बेचाळीस टाके. मोजायचं कारण नव्हतं, पण मोजले. मग कटरने कड फिरवली आणि डाव्या बाजूचा पत्रा दोघांनी उचलून फूटपाथवर पालथा ठेवला.

वरून बरा दिसणारा तो पत्रा खालून खड्ड्याखड्ड्यांचा होता. झाकणाच्या चौकोनाभोवती तर वस्तऱ्याच्या पात्याएवढा पातळ, आणि तिथून जसजसं लांब जावं तसतसा जाड. आजीच्या पायांच्या जागी जवळजवळ शाबूत. बॅटरीच्या ट्रेच्या कडांना पांढरा खार होता. मिस्त्रींनी बोटाने झाकणापासून बाहेर जाणारी वर्तुळं काढली. "पानी वरनं पडलं असतं तर वरचा रंग आधी गेला असता. ह्यो खालनं खाल्लाय. त्याजाबानं."

मी सावधपणे म्हटलं, रस्त्याचं पाणीही खालूनच उडतं ना. ते म्हणाले, उडतं, पण ते चाकामागे उडतं, झाकणाभोवती गोल फिरत नाही.

बाबा खुर्चीतून उठून आले होते. पालथ्या पत्र्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बॅटरीत पाणी मी घालायचो."

तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे. आजोबांनी हे एकच काम त्यांच्यावर सोपवलेलं. दर रविवारी झाकण उघडायचं, बाटलीतलं पाणी प्रत्येक खणात ओतायचं. "मला वाटायचं, काठोकाठ भरलं की जास्त दिवस चालेल." काठोकाठ भरलेली बॅटरी गाडी चालू झाली की तापते, आतलं पाणी फुगतं, बुडबुडे येतात आणि वर येतं ते पाणी नसतं, तेजाब असतं. ट्रेमध्ये सांडतं, तुषार वर पत्र्याला जाऊन बसतात. दर रविवारी. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"कुणी शिकवलंच नाही कुठपर्यंत भरायचं," ते थोड्या वेळाने म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "प्लेटा बुडाल्या की बास, दादा." एवढ्या उशिरा मिळालेली ही माहिती बाबांनी मान हलवून घेतली.

पुढचं काम मला सविस्तर सांगायला आवडेल, कारण मला तेच जास्त आवडलं. अमेरिकेत या पिकपचे फ्लोअर छापून तयार मिळतात, घरपोच. मागवायचे तर बोटीचं भाडं आणि त्यावर जकात, गाडीच्या किमतीला लाजवेल असं. त्यामुळे दारुखान्यात गेलो. जहाजं फोडून त्यांचं लोखंड विकणाऱ्या त्या गल्ल्यांत जहाजाचा जाड पत्रा ढीगभर, आम्हाला हवा तसा पातळ सीआरचा, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादाचा, ताव मात्र चौथ्या दुकानात मिळाला. १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. दुकानदार गॅल्व्हनाइज्ड घ्या म्हणून मागे लागला, गंजत नाही म्हणाला. मिस्त्रींनी नको म्हटलं. वेल्डिंगला त्यावरचं जस्त जळतं, त्या धुराने ताप भरतो आणि टाकाही धड बसत नाही. जस्त हवं तर नंतर रंगातून द्यावं.

माप काढलं मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर. पुठ्ठा गाडीत बसवून, कापून, पुन्हा बसवून, तीन वेळा. पुठ्ठ्यावरून पत्रा. आणि मग पन्हाळी. जुन्या फ्लोअरवर लांबट उंचवटे असतात, ते नक्षी म्हणून नाहीत. सपाट पत्रा पायाखाली ढबढब करतो; त्यालाच दोन-चार पन्हाळी पाडल्या की ताठ होतो, आपल्या शेडवरचा नळीचा पत्रा एवढासा असून माणसाचं वजन पेलतो तो त्याचमुळे. यंत्र नव्हतं. मिस्त्रींनी बाभळीच्या ओंडक्यात एक खोलगट खाच कोरली, त्यावर पत्रा आडवा धरला आणि गोल तोंडाच्या हातोडीने एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू ठोकत गेले. एका दमात खोल नाही. सगळ्या लांबीभर जरासं, मग पुन्हा जरासं. आवाजही बदलत जातो, पोकळ होता तो दाटत येतो. त्यांनी मला एक पन्हाळ ठोकू दिली. ती आज सीटखाली आहे, वाकडी, आणि तिथेच राहणार.

जोडताना सलग वेल्ड मारायचं नाही. पातळ पत्रा एका जागी तापला की शेवटपर्यंत लाटा देतो. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा समोरच्या कडेला, मधे हात लावून बघायचं, गरम असेल तर चहा. अशा तऱ्हेने एक बाजू जोडायला पूर्ण दिवस गेला आणि बाबांनी सहा चहा मागवले. जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे आधी जस्ताचा प्रायमर, कारण एकदा जोडल्यावर त्या फटीत ब्रश जाणार नाही. जस्त तिथे आपण झिजतं आणि लोखंडाला राखतं. डॉकमधल्या बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या ठोकतात त्या याचसाठी. सांध्यांवर सीलर, वरून-खालून इपॉक्सी प्रायमर. मी विचारलं, रेड ऑक्साईड का नाही? त्यांच्या मते नुसता रेड ऑक्साईड म्हणजे पावसात सुती छत्री.

दारांच्या चौकटींचे अँगल काढले, कर्ण पुन्हा मोजले. खडूचे आकडे जुळले. डावं दार ढकलल्यावर आपसूक लागलं.

मिस्त्रींचं एक म्हणणं मात्र मला पटायला वेळ लागला. एवढं सगळं करून त्यांनी नव्याकोऱ्या पत्र्यात, सगळ्यात खोलगट जागी, दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडलं. कारखान्यानेही तिथे भोक ठेवलेलं होतं. आजोबांच्या डांबराने ते बुजलं होतं. "पानी येनारच," ते म्हणाले. "त्याला जायला वाट ठिवा." बॅटरीच्या ट्रेमध्ये त्यांनी जाड प्लॅस्टिकचा डबा बसवला, तो कुणा दुधवाल्याकडून आणला होता.

डब्याचा तो खजुराचा पत्रा मी बाजूला ठेवला होता. पुढच्या रविवारी गेले तर भंगारवाल्याने तोही नेलेला, डाव्या बाजूच्या जुन्या पत्र्यासकट. खवले माझ्या पर्समध्ये बसपासाच्या कव्हरात होते, म्हणून राहिले.

शेवटच्या दिवशी गाडीवर पाणी मारून बघायचं ठरलं. मिस्त्रींच्या पोराने नळी आणली, काचेवर धार धरली. डॅशच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब आलाच. नवं रबर अजून बसलं नव्हतं. थेंब पन्हाळीतून घरंगळला, भोकापाशी थांबला, आणि गाडीखाली रस्त्यावर टपकला. मिस्त्रींनी मान डोलावली. पण बाबांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी बादली भरायला सांगितली, स्वतः डावं दार उघडलं आणि आजीच्या पायांच्या जागी सगळी बादली ओतली. आम्ही तिघेही खाली वाकून बघत होतो. पाणी आधी धारेने आलं, मग थेंब थेंब, मग थांबलं. बाबांनी आत हात घालून पत्रा चाचपला.

"अजून एक भर," ते पोराला म्हणाले. "थोडं मीठ आहे का बघ कुणाकडे."